काडेपेटीतली हिरवी हुमणी : कीड मारणाऱ्या बुरशीची ओळख

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाने दप्तरातून काडेपेटी काढली आणि टेबलावर ठेवली. आत एक मेलेली हुमणी होती. शेतकरी घरातल्या मुलांना हुमणी काही नवी नाही, पण ही वेगळी होती. एरवी हुमणी मेली की मऊ पडते, काळी होते, वास मारते. ही मात्र खडूच्या तुकड्यासारखी टणक झाली होती. तिच्या अंगावर हिरवी भुकटी बसली होती, जणू कुणी मेंदीची पूड भुरभुरली आहे.

"सर, ही सडली कशी नाही?" त्याने विचारलं.

आम्ही सांगितलं, हिला बुरशीने मारलंय. उर्दूत जिला आपण फफूंद म्हणतो, तीच. भाकरीवर, लोणच्यावर येते तिच्याच जातकुळीतली, पण हिचं खाणं म्हणजे कीड.

त्यावर पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "सर, अब्बांनी बुरशीचं पाकीट आणून टाकलं होतं की. मग आमचा अर्धा ऊस का गेला?"

दीड एकर ऊस, त्यावर सोसायटीचं कर्ज, आणि निम्मा फड पिवळा पडलेला. या प्रश्नाचं उत्तर वर्गातल्या पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या शेतावर गेलो. तिथे जे पाहिलं आणि त्यामागचं जे विज्ञान आहे, ते आपल्या वाचकांपुढे ठेवत आहोत. आपल्यापैकी कितीतरी घरांची रोजी आजही ऊस, भुईमूग, हळद, सोयाबीन यांवर आहे.

आधी हुमणीचा वर्षभराचा हिशोब

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की मे-जूनमध्ये तांबूस तपकिरी भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात. कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसून पाला खातात आणि तिथेच त्यांचं मीलन होतं. मग मादी जमिनीत शिरून अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अंड्यातून अळी निघते. सुरुवातीला ती कुजलेल्या काडीकचऱ्यावर आणि बारीक मुळांवर जगते. अंगाने वाढली की पिकाच्या मुळांवर तुटून पडते. ऑगस्ट-सप्टेंबरात उसाची पानं पिवळी पडतात, बेट हाताने ओढलं तरी उपटून येतं. थंडीत ती खोल जाऊन कोषात जाते आणि पुढच्या वळवाला पुन्हा भुंगेरा होऊन बाहेर.

म्हणजे वर्षातले जवळजवळ सगळे दिवस ही कीड मातीच्या आत असते. वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लोक वर्षानुवर्षे फोरेटसारखे जहाल दाणेदार विष मातीत टाकत आले. फोरेटवर आपल्या देशात डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, हेही आपण विसरलेलो नाही. विषाला दुसरा मार्ग शोधणं ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही.

बुरशी किडीला मारते कशी

बहुतेक जंतू किडीच्या पोटात गेल्याशिवाय काही करू शकत नाहीत. बीटी कापसाचंच घ्या. बोंडअळीने पान किंवा बोंड खाल्लं तरच त्यातला विषारी घटक तिला लागतो. बुरशीचं तसं नाही. ती थेट कातडीतून आत शिरते.

बुरशीचे बीजाणू डोळ्याला न दिसणाऱ्या धुळीसारखे असतात. मातीतून सरकताना अळीच्या अंगाला ते चिकटतात. ओल आणि उबारा मिळाला की बीजाणूला कोंब फुटतो, जसा ओल्या फडक्यातल्या मटकीला फुटतो. कोंबाच्या टोकाला एक फुगीर पकड तयार होते. त्या पकडीतून बुरशी दोन कामं एकाच वेळी करते. किडीच्या कवचातली प्रथिनं, मेद आणि कायटिन विरघळवणारे रस सोडते आणि खिळा ठोकावा तसा जोर लावते. साधारण एक-दोन दिवसांत ती आत पोचते.

आत गेल्यावर किडीच्या रक्तात ती झपाट्याने वाढते. अन्न खाते, काही जाती विषही सोडतात. किडीचं खाणं मंदावतं, हालचाल थांबते, जीव जातो. लहान मऊ अळ्या आठवडाभरात मरतात. हुमणीसारख्या मोठ्या अळीला तीन आठवडे किंवा त्याहून जास्त लागू शकतात.

मग सडत का नाही? कारण बुरशी आतल्या सडवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही आणि आतला सगळा माल स्वतः वापरून टाकते. म्हणून अळी टणक होते. भोवती ओल असेल तर बुरशी कातडी फोडून बाहेर येते. आधी पांढरा कापूस दिसतो, मग त्यावर बीजाणूंचा थर येतो. थर हिरवा असेल तर बहुधा मेटारायझियम, पांढराच राहिला तर बहुधा बिव्हेरिया. काडेपेटीतल्या हुमणीवरचा हिरवा थर म्हणजे पुढच्या किडींसाठी तयार झालेले लाखो बीजाणू होते.

किडीही गप्प बसत नाहीत. मुंग्या एकमेकींचं अंग चाटून बीजाणू काढून टाकतात आणि मेलेल्या मुंगीला वारुळाबाहेर नेऊन टाकतात. बुरशी लागलेला टोळ उन्हात जाऊन बसतो आणि अंग तापवतो, म्हणजे एक प्रकारे स्वतःला ताप आणतो. उष्णतेने आतली बुरशी मंदावते. मे २०२० मध्ये अमरावती-नागपूर भागात टोळधाड आली होती, ती अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी सोमालियात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने टोळांवर मेटारायझियमचीच एक जात फवारली गेली. ती जात टोळ आणि नाकतोड्यांच्या कुळावरच चालते, इतर जिवांना सहसा त्रास देत नाही.

दोनशे वर्षांची जुनी ओळख

ही बुरशी प्रयोगशाळेत कुणी बनवलेली नाही. ती आधीपासून मातीत आहे, माणसाला फक्त उशिरा कळली.

इटलीतल्या लोदी शहराजवळ ॲगोस्तिनो बासी नावाचे गृहस्थ राहत होते. शिक्षण कायद्याचं, पण डोळे अधू झाल्याने शेतीकडे वळलेले. त्या काळी तिकडे रेशमाचे किडे एका रोगाने मरून चुन्यासारखे पांढरे आणि कडक होत. बासी यांनी कित्येक वर्षं प्रयोग केले आणि १८३५ साली सिद्ध केलं, की हा रोग एका बुरशीने होतो आणि एका किड्याकडून दुसऱ्याला लागतो. एखाद्या प्राण्याचा रोग सूक्ष्म जिवामुळे होतो, हे पुराव्यानिशी दाखवणारं जगातलं हे पहिलं काम मानतात. लुई पाश्चर यांचं नाव आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो, पण बासी त्यांच्या कितीतरी आधीचे. त्या बुरशीला आज बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. दुसरा शब्द बासींच्याच नावावरून आला.

पुढे १८७९ साली ओडेसा इथे एली मेचनिकॉफ यांनी गव्हाचं नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर हिरवी बुरशी पाहिली. तो भुंगेरा आपल्या हुमणीच्याच कुळातला. रोगाने कीड मरते, तर तो रोग मुद्दाम वाढवून शेतात का सोडू नये, असं त्यांच्या मनात आलं. काही वर्षांत त्यांच्या मागून काम करणाऱ्यांनी किएवजवळ बीजाणू किलोच्या मापात तयार करून बीटच्या किडीवर वापरूनही पाहिले. याच मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये शरीरातल्या रोगप्रतिकारावरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

मग ही पद्धत मागे का पडली? १९४०च्या दशकात डीडीटी आलं. फवारलं की कीड डोळ्यांदेखत मरते, असा माल मिळाल्यावर तीन आठवडे वाट बघायला कोण तयार होणार? विषाला न दबणाऱ्या किडी आणि विषाने आजारी पडणारी माणसं दिसू लागली, तेव्हा लोक पुन्हा बुरशीकडे वळले.

जंगलाची माती, शेताची माती

मातीत अशी बुरशी आहे का, हे शास्त्रज्ञ ओळखतात कसं? एक साधी युक्ती १९८० च्या दशकात जर्मनीत रूढ झाली. डब्यात ओलसर माती घ्यायची, त्यात मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळ्या सोडायच्या, डबा मधूनमधून उलटा करायचा. अळ्या मातीतून फिरतात आणि त्यात बुरशी असेल तर काही दिवसांत मरून पांढऱ्या-हिरव्या होतात. गळाला आमिष लावावं तसंच हे.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात अशी माती तपासली, तेव्हा जंगलाच्या मातीत बिव्हेरिया जास्त सापडली आणि नांगरलेल्या शेतात मेटारायझियम जास्त. पुढे मेटारायझियमचीही दोन घराणी निघाली. जंगलातलं घराणं कडक थंडीतही वाढणारं, तर शेतातलं घराणं उष्णता आणि ऊन जास्त सोसणारं. आधी सगळ्यांना वाटत होतं, की कुठली कीड मिळते त्यावर बुरशीचं घराणं ठरत असेल. दिसलं असं, की माती, सावली आणि उष्णता हेच जास्त ठरवतात.

जंगलात तर याहून अजब प्रकार आहेत. थायलंडच्या रानात ओफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी मुंगीच्या अंगात शिरून तिचं वागणंच बदलते. उंच झाडावर राहणारी मुंगी खाली येते, जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या पानाची शीर जबड्याने घट्ट पकडते आणि तशीच मरते. त्या उंचीवर बुरशीला हवी तेवढी ओल आणि उबारा असतो. मग मुंगीच्या डोक्याजवळून बुरशीचा देठ निघतो आणि खालून जाणाऱ्या मुंग्यांवर बीजाणू पडतात. उत्तराखंडात हिमालयाच्या कुरणांत मिळणारी महागडी कीडाजडी ही याच कुळातली. मातीतल्या अळीतून उगवलेली बुरशीच ती.

झाडालाही मिळतो हिस्सा

या बुरशीचं आणखी एक काम आहे. मेटारायझियम पिकाच्या मुळांभोवतीही राहते. २०१२ साली कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की बुरशीने मारलेल्या अळीतला नत्र बुरशीच्या धाग्यांतून झाडाच्या मुळांपर्यंत पोचतो. जी कीड मूळ खायला आली, तिच्याच अंगातलं खत झाडाला मिळतं. बदल्यात झाड बुरशीला साखर देतं. कुदरतचा हा व्यवहार मुलांना शिकवताना आम्हालाच दर वेळी नवल वाटतं.

मग पाकीट फुकट का गेलं?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या अब्बांनी सगळं मोकळेपणाने सांगितलं.

"सर, एप्रिलात पाकीट घेतलं. पत्र्याच्या शेडात ठेवलं. मेमध्ये गडी मिळाला, तवा सरीत विस्कटून टाकलं. जुलैत दुकानदार म्हणाला बुरशीनाशकाची आळवणी करा, मूळकुज आहे. ती पण केली."

रिकामं पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यावरची मुदत विकत घेण्याआधीच संपलेली होती. दुकानदाराने सांगितलं नाही, त्यांनीही पाहिलं नाही.

एका वाक्यात चार चुका होत्या आणि त्या आपल्याकडे घरोघरी होतात.

पहिली, मुदत संपलेला माल. पाकिटातली भुकटी म्हणजे जिवंत बीजाणू. विषाची पावडर जुनी झाली तरी विष राहते, जिवंत वस्तू मात्र मरते.

दुसरी, साठवण. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी होते. पाकीट थंड, कोरड्या, सावलीच्या जागी हवं. घरात माठ ठेवतो तो कोपरा बरा.

तिसरी, वेळ. मेमध्ये जमीन कोरडी आणि तापलेली. उघड्यावर पडलेल्या बीजाणूंना कडक ऊन टिकू देत नाही. आणि तेव्हा मारायला अळीही नव्हती, ती अजून अंड्यातसुद्धा आलेली नव्हती. बुरशी टाकायची ती चांगला पाऊस होऊन जमीन ओलावल्यावर, जून अखेर ते जुलैत, अळी लहान असताना. मोठी झालेली अळी सहज दबत नाही.

चौथी, बुरशीनाशक. नावातच सारं आहे. बुरशीनाशकाला शत्रू बुरशी आणि मित्र बुरशी यातला फरक कळत नाही. एका हाताने पेरलं, दुसऱ्या हाताने मारलं.

मग हिरवी हुमणी कुठे सापडली? बांधावरच्या चिंचेखाली, जिथे पाचट साचलं होतं, सावली होती, माती भुसभुशीत आणि ओली होती, आणि आळवणीचं पाणी पोचलं नव्हतं. ती पाकिटातल्या बुरशीने मेली की मुळातच तिथे असलेल्या बुरशीने, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पण जिवंत बुरशीला काय लागतं, ते त्या जागेने दाखवून दिलं.

आपल्या शेतात करायचं काय

हुमणीसाठी मेटारायझियम पाकिटावर दिलेल्या प्रमाणात चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळावं, सावलीत ठेवावं आणि पावसानंतर संध्याकाळी मुळांजवळ देऊन मातीने झाकावं. पाचट जाळू नये. त्याने ओल आणि सावली दोन्ही टिकतात.

मक्यावरच्या लष्करी अळीसाठी पोंग्यात फवारायची शिफारस मेटारायझियमचीच आहे, लिटरला ५ ग्रॅम. पाकिटावर १ × १० चा ८ वा घात असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका ग्रॅमला १० कोटी बीजाणू, आणि एक लिटर पाण्यात ५० कोटी. घातांक कशाला शिकायचे असं विचारणाऱ्या मुलांना आम्ही आता हे पाकीट दाखवतो. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांवर व्हर्टिसिलियम वापरतात. फवारणी नेहमी संध्याकाळी, हवेत दमटपणा असताना करावी.

कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ किंवा नोंदणी असलेल्या उत्पादकाकडूनच माल घ्यावा, पावतीसह. मुदत स्वतः वाचावी. अब्बांना वाचता येत नसेल तर मुलांनी वाचून दाखवावी. शाळा शिकल्याचा एवढा तरी उपयोग घरात व्हावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. एकट्या बुरशीवर हुमणी आटोक्यात येत नाही. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करून मारणं, प्रकाश सापळे लावणं, नांगरटीत वर आलेल्या अळ्या वेचणं, हे सोबत हवंच. अंडी घालण्याआधी मेलेली एक मादी म्हणजे पुढच्या कित्येक अळ्या कमी. आणि हे एका घराने करून भागत नाही. शेजारच्या फडातले भुंगेरे बांध ओळखत नाहीत. सगळ्या वस्तीने मिळून चार-पाच संध्याकाळी दिल्या तर फरक पडतो.

सांभाळून वापरा

या बुरशी माणसाला सहसा अपाय करत नाहीत. आपल्या शरीराची उष्णता त्यांतल्या बहुतेकींना मानवत नाही. तरी भुकटी नाकात जाऊन ॲलर्जी होऊ शकते आणि डोळ्यांना त्रास होऊ शकतो. तोंडाला फडकं बांधावं, हात धुवावेत. दम्याच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाने हे काम करू नये.

आणि रेशीम! मराठवाड्यात जालना-बीडकडे अनेक शेतकरी तुती लावून रेशीम घेतात. बासींनी जो रोग शोधला तो याच बिव्हेरियाचा. तुतीच्या बागेजवळ किंवा कीटक संगोपनगृहाजवळ बिव्हेरिया अजिबात वापरू नये. एकाचा मित्र तो दुसऱ्याचा शत्रू असतो.

हुमणीच्या भाऊबंदांकडून आलेलं औषध

किडनी बदललेला रुग्ण ज्या घरात आहे, तिथे सायक्लोस्पोरिन हे नाव माहीत असतं. नवीन किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात. हे औषध एका बुरशीतून मिळालं. नॉर्वेच्या पठारावरची माती १९६९ साली तपासायला घेतली होती, त्यात ती सापडली. १९८३ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. मातीत ही बुरशी मुळात काय करते, ते मात्र १९९६ मध्ये उलगडलं. तीच बुरशी दुसऱ्या रूपात भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर, म्हणजे आपल्या हुमणीच्या भाऊबंदांवर जगते. जी बुरशी मातीत अळीचा जीव घेते, तिच्यापासूनच माणसाचा जीव वाचवणारं औषध निघालं. म्हणून मातीत विष ओतताना आपण नेमकं काय काय मारतोय, याचा विचार करायला हवा.

यंदाचा हिशोब

त्या घराचा गेल्या वर्षीचा ऊस काही परत येणार नाही. सोसायटीचा हप्ता त्यांना म्हैस विकून भरावा लागला. यंदा मुलाच्या अब्बांनी आमच्याशी बोलून बेत केला आहे. जून अखेरीस शेणखतातून ताजी बुरशी अर्ध्या एकरावर दिली, बाकी एकरावर नाही. भुंगेरे मात्र सगळीकडून वेचले. आमच्या वर्गातली मुलं ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे ठरावीक जागी माती उकरून अळ्या मोजणार आहेत. किती जिवंत, किती मेलेल्या, किती हिरव्या, हे वहीत लिहायचं.

आपल्याही शेतात मेलेली पण न सडलेली अळी दिसली तर फेकू नका. झाकणाला भोकं पाडलेल्या डबीत ओल्या कापसावर आठवडाभर सावलीत ठेवा, उघडताना तोंडावर फडकं धरा, नंतर हात धुवा. काळी पडून वास आला तर ते दुसरं काही. पांढरा-हिरवा थर आला तर समजा, आपल्या मातीत अजून जीव आहे.

मोजणीचा आकडा काय येईल, ते ऑक्टोबरात कळेल. तो चांगला आला तरी सांगू, आणि नाही आला तरी सांगू.